लहान होडीचें मोठेपण

पावसाळ्यांत शाळेच्या पटांगणांतून पाण्याचे ओहोळ वाहूं लागले म्हणजे खालच्या वर्गांतील मुलें वह्यांचीं पानें फाडून होड्या करितात. हा खेळ आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आलों आहों. पहिल्या दिवशीं ज्याची होडी सर्वांत मोठी, त्याच्या भोंवतीं मुलांचा घोळका जमतो. परंतु मोठ्या कागदाची होडी लवकर भिजून कलंडते, असा अनुभव येतो. आणि आठवडा संपण्यापूर्वींच सर्वांचा कल लहान, घट्ट घडीच्या होडीकडे झुकतो. शिडाच्या होड्यांची हौस बाळगणाऱ्या वडील मंडळींच्या जगांतहि गेल्या शंभर वर्षांत असाच पालट घडून आला आहे. तो कां घडला, आणि विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं त्यापासून काय घ्यावें, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. मालवाहू जहाजांची गोष्ट वेगळी; आपण बोलत आहों तें केवळ आनंदासाठीं व शर्यतीसाठीं चालविल्या जाणाऱ्या शिडाच्या होड्यांविषयीं.

प्रथम मोठ्या गलबतांचें वैभव पाहूं. 'अमेरिका कप' या नांवाची शर्यत १८५१ सालापासून प्रसिद्ध आहे. तिच्यासाठीं १९३० ते १९३७ या काळांत इंग्लंड व अमेरिका या देशांत मिळून 'जे' वर्गाचीं दहा गलबतें बांधण्यांत आलीं. एकेकाची लांबी सव्वाशें फुटांच्या घरांत, डोलकाठी दीडशें फुटांहून उंच, आणि शिडांचें क्षेत्र सुमारें साडेसात हजार चौरस फूट. असें एक गलबत हाकण्यास तीसएक माणसें लागत. मालक धनाढ्य असत आणि खलाशी बहुतेक पगारी.

या व्यवस्थेंत काय उणें होतें, तें १९३४ सालीं दिसून आलें. विमानांचे कारखानदार टॉमस सॉपविथ यांचें 'एंडेव्हर' नांवाचें उत्कृष्ट गलबत त्या वर्षीं इंग्लंडहून शर्यतीस निघावयाचें होतें. तोंच पगाराच्या प्रश्नावरून कांहीं कसलेले खलाशी काम सोडून गेले, आणि त्यांच्या जागीं हौशी मंडळी घ्यावी लागली. 'एंडेव्हर'नें पहिल्या दोन फेऱ्या जिंकल्या. पुढच्या चारहि गमावल्या. गलबत मालकाचें होतें. पण तें चालविण्याची विद्या दुसऱ्यांच्या हातीं होती. १९३७ सालीं अमेरिकेचें 'रेंजर' चारहि फेऱ्या जिंकून अजिंक्य ठरलें; परंतु महायुद्ध आलें, आणि १९४१ सालीं तेंच 'रेंजर' मोडींत निघालें. ही शर्यत पुन्हां झाली ती १९५८ सालीं, आणि तीहि नियम बदलून, सुमारें सत्तर फूट लांबीच्या व अकरा माणसांनीं चालणाऱ्या गलबतांमध्यें. श्रीमंतांच्या खेळासहि अंथरूण पाहून पाय पसरावे लागले!

येथें कोणी विद्यार्थी विचारील, "पण मोठें गलबत अधिक वेगानें जातें ना?" हा समज सर्वस्वीं खोटा नाहीं. पाणी कापीत जाणारी होडी आपल्याच गतीनें एक लाट उठविते. वेग वाढत जातो तसतशी ही लाट लांब होत जाते, आणि अखेरीस तिचा एक उंचवटा होडीच्या नाळेशीं व दुसरा मागच्या टोंकाशीं येतो. त्यापुढें जाणें म्हणजे स्वतः उठविलेल्या टेकडीवर चढणें होय. म्हणून होडीची पाण्यालगतची लांबी जितकी अधिक, तितकी तिच्या वेगाची मर्यादा अधिक. यासाठीं एक सोपें गणित आहे. त्या लांबीच्या फुटांचें वर्गमूळ काढून त्यास १.३४ नें गुणावें. येईल तितके सागरी मैल हा तासाचा वेग समजावा. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. या हिशेबानें शंभर फूट लांबीस सुमारें साडेतेरा मैल, आणि सोळा फूट लांबीस साडेपांचांहूनहि कमी.

परंतु याच गणिताची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. होडीची लांबी, रुंदी व खोली हीं तिन्ही दुप्पट केलीं म्हणजे तिचें आकारमान दुप्पट न होतां आठपट होतें. लांकूड, कापड, दोर, मजुरी व डागडुजी यांचा खर्चहि त्याच मानानें फुगत जातो. वेग मात्र दीडपटहि होत नाहीं. शिवाय लाटेची ही मर्यादा होडीनें पाणी कापीत जावें तोंवरच असते. चपटा खडा पाण्यावर तिरपा फेकला असतां तो न बुडतां टप्पे घेत जातो; त्याचप्रमाणें होडी हलकी व तिचा तळ योग्य घडणीचा असेल, तर जोराच्या वाऱ्यांत ती किंचित् वर उचलली जाऊन पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाते. इंग्लंडांतील कुशल होडीकार उफा फॉक्स यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवून १९२८ सालीं 'अव्हेंजर' नांवाची अवघी चौदा फुटांची होडी बांधली. त्या हंगामांत ती सत्तावन्न शर्यतींत उतरली व बावन्न वेळां पहिली आली. तेव्हांपासून लहान होडीकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची सोय उरली नाहीं.

अशा लहान, उघड्या होडीस इंग्रजींत 'डिंगी' म्हणतात. हा शब्द आपल्याच देशाच्या भाषांतून इंग्रजींत गेला आहे, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस मौज वाटेल.

या होडीस सामान्य कुटुंबाच्या दारीं आणून सोडण्याचें श्रेय दोघां-तिघां साध्या कल्पनांस आहे. १९४७ सालीं अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांतील क्लिअरवॉटर गांवीं क्लिफर्ड मकाय या गृहस्थांच्या मनांत आलें कीं, मुलांसाठीं बापलेकांनीं मिळून घरीं बांधतां येईल अशी एखादी होडी असावी, आणि तिला पन्नास डॉलरांहून कमी खर्च यावा. क्लार्क मिल्स नांवाच्या कारागिरानें चार फूट रुंद व आठ फूट लांब अशा प्लायवुडच्या दोन तक्त्यांत बसेल अशी आकृति काढली. पुढचें टोंक निमुळतें करण्यास लांबी पुरेना, म्हणून तें पेटीसारखें बोथट ठेविलें. हीच ती 'ऑप्टिमिस्ट' म्हणजे 'आशावादी' होडी. लांबी सात फूट नऊ इंच, वजन पस्तीस किलो, एकच शीड, आणि बसणारें मूलहि एकच. पंधरा वर्षांपर्यंतचीं मुलें ती चालवितात. आज शंभराहून अधिक देशांत ही होडी पोंचली आहे.

पुढें इंग्लंडांत जॅक होल्ट व बॅरी बकनेल या दोघांनीं 'मिरर' नांवाची होडी योजिली, आणि त्याच नांवाच्या एका दैनिकाच्या पुढाकारानें १९६३ सालीं ती लोकांपुढें आली. प्लायवुडच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेनें शिवावयाच्या, आणि सांध्यांवर कांचतंतूची पट्टी चिकटवून ते पक्के करावयाचे, अशी तिची रीत. सुतारकाम न शिकलेल्या माणसासहि ती घरच्या घरीं जोडतां येई. तिची तांबडीं शिडें लवकरच तेथील तळ्यातळ्यांवर दिसूं लागलीं, आणि अशा सत्तर हजार होड्या झाल्या. त्यानंतर कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनीं रेखाटलेली, एकट्यानें चालवावयाची 'लेझर' ही होडी १९७१ सालीं बाजारांत आली. लांबी चौदा फुटांच्या आंत. मोटारीच्या टपावर बांधून नेतां यावी असा तिचा बेत. १९९६ सालीं हिला ऑलिंपिकमध्यें स्थान मिळालें. सर्वांच्या होड्या एकसारख्या असल्यामुळें तेथें ज्याची थैली मोठी तो जिंकत नाहीं; ज्यास वारा कळतो तो जिंकतो. देवास जिल्ह्यांतील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावांत शिकली, आणि २०२३ सालीं चीनमधील आशियाई क्रीडासामन्यांत याच होडीच्या लहान शिडाच्या प्रकारांत तिनें रौप्यपदक मिळविलें. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलीस हें साधलें, तें होडी लहान म्हणूनच.

लहान होडीची सर्वांत मोठी परीक्षा मात्र आपल्या मुंबईच्या एका सागवानी होडीनें दिली आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी. त्याच्यासाठीं मुंबईच्या सुतारांनीं वाकस व सामता अशा साध्या हत्यारांनीं बत्तीस फुटांची 'सुहेली' बांधली. १४ जून १९६८ रोजीं तो तिच्यांतून इंग्लंडच्या फालमथ बंदराहून एकटा निघाला, आणि कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, त्याच बंदरीं परतला. असा प्रवास करणारा तो पहिला मनुष्य होय. त्या स्पर्धेंत नऊजण उतरले होते. कित्येकांचीं तारवें 'सुहेली'हून मोठीं व वेगवान होतीं. पण शेवटास पोंचली ती ही एकटीच. वाटेंत तळास पाणी लागलें, तेव्हां त्यानें समुद्रांत बुडी मारून स्वतः फटी बुजविल्या. होडी त्याच्या हातांच्या आवांक्यांतील होती. दुरुस्तीसाठीं त्यास दुसऱ्याची वाट पाहावी लागली नाहीं.

इतकें वाचून आईबापांच्या मनांत एक शंका येईल, ती आम्ही जाणतों. एका पालकांनीं आम्हांस सरळच म्हटलें, "मास्तर, मोठ्या बोटींत चारजणांबरोबर मुलगा जाईल तर जावो, पण एकट्यास होडींत सोडावयास जीव धजत नाहीं." हें भय हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. १९७९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाकडे जाणाऱ्या शर्यतींत ३०३ होड्या निघाल्या असतां भयंकर तुफान झालें, आणि स्पर्धकांपैकीं पंधराजण प्राणांस मुकले. सर्वांत लहान वर्गांत अठ्ठावन्न होड्या होत्या. त्यांपैकीं एकच शर्यत पुरी करूं शकली. तीहि बत्तीस फुटांचीच, परंतु अरुंद व मजबूत बांधणीची होती. सारांश, लहान म्हणजे सुरक्षित असें नव्हे. चांगली घडण, हवामानाची माहिती आणि वेळेवर परत फिरण्याची सुबुद्धि हीं नसतील, तर समुद्र लहानमोठें पाहत नाहीं.

म्हणूनच 'आशावादी' होडींतील मुलास प्रथम जिंकावयास शिकवीत नाहींत; उलटावयास शिकवितात. अंगांत लाइफ जॅकेट घालून, शिक्षकाची होडी जवळ ठेवून, शांत पाण्यांत होडी मुद्दाम कलंडवितात. होडींत हवेच्या पिशव्या असल्यामुळें ती बुडत नाहीं. मुलानें होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटावयाचें नाहीं, हा पहिला नियम. तळांतून खालीं जाणाऱ्या फळीवर भार देऊन होडी सरळ करावयाची, आंत चढावयाचें, आणि डब्यानें पाणी उपसावयाचें. हें ज्यास दहा वेळां जमलें, त्याचें भय जातें व सावधपणा मात्र राहतो. त्या पालकांस आम्हीं हेंच उत्तर दिलें. मुलास पोहतां येत नसेल, शिक्षक नसेल, किंवा वारा वाईट असेल, तर "नाहीं" म्हणणें हें तुमचें कर्तव्य आहे; पण हें सर्व असतांहि केवळ आपल्या भयासाठीं त्याच्या हातीं सुकाणूं कधींच द्यावयाचें नाहीं, हें प्रेम असलें तरी हित नव्हे.

मोठ्या गलबतांत मनुष्य वर्षभर प्रवास करील, आणि वारा कोठून येतो हें त्यास कळणारहि नाहीं. लहान होडींत चूक करणारा व भिजणारा एकच असतो. म्हणून चूक लवकर समजते व लवकर सुधारते. आमच्या मतें लहान होडीकडे लोकांचें मन ओढलें जाण्याचें खरें कारण हेंच आहे.

आमच्या प्रभूचे शिष्य ज्या गालील समुद्रावर मासे धरीत, त्याच्या कांठच्या चिखलांत १९८६ सालीं दुष्काळानें पाणी ओसरलें असतां त्या काळची एक होडी सांपडली. तिची लांबी सुमारें सत्तावीस फूट. तिच्यांत अनेक जातींच्या लांकडांचे तुकडे जोडलेले आहेत. तिच्या गरीब मालकांनीं ती पुन्हां पुन्हां दुरुस्त करून वापरली असावी. तुफानांत शिष्यांची तारांबळ उडाली ती अशाच एखाद्या होडींत, आणि विश्वासाचा धडाहि त्यांस तेथेंच मिळाला. आमच्या शाळेंतून दरवर्षीं मुलें बाहेर पडतात, तीं बहुतेक लहान होड्यांतूनच. त्यांना मोठें गलबत देणें आमच्या हातीं नाहीं. वारा ओळखणें, उलटल्यावर होडी न सोडणें, आणि आंत आलेलें पाणी आपल्या हातांनीं उपसणें, एवढें त्यांस शिकवून पाठवितां आलें, तर आम्ही आमचें काम झालें असें समजूं.