कोयता घेऊन येणारेही शेतकरीच



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, आमच्या फडाला टोळी कधी?" टोळी आली, ऊस गेला, की आपण सुटलो. पण ही माणसे घरदार सोडून का येतात, हेही सभासदांनी जाणून घ्यायला हवे.

आपल्या भागातल्या टोळ्या बहुतेक बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, तसेच पाथर्डी, जामखेड हे त्यांचे तालुके. ही मंडळी जन्माची मजूर नव्हेत. पुष्कळांच्या नावावर दोन-चार एकर जिरायत आहे. पण जमीन मुरमाड, पीक बाजरी-तुरीचे, तेही पावसाच्या भरवशावर. दसरा-दिवाळीला शेतातले काम संपते आणि पुढे विहीरही आटते. मग म्हातारी माणसे घर राखायला ठेवून तरणी माणसे निघतात.

1972 च्या दुष्काळात याच लोकांनी खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तरी स्थलांतर थांबले नाही. त्याचे मोठे कारण उचल. लेकीचे लग्न, आजारपण, सावकाराचे देणे, यासाठी एकरकमी पैसा हवा असतो, आणि तो मुकादम हंगामाआधीच हातावर ठेवतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फेडायची ती टनावर. एक दिवस पडून राहिले तर खाडा धरला जातो. हंगाम संपताना बाकी राहिली, की पुढच्या सालाचा रस्ताही ठरलेला! बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सुट्टी नाही, न्हाणीघर नाही, आणि दुखणे अंगावर काढायचे, असे हे जिणे.

आता आपल्या फायद्याचे बोलू. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. जमिनीलगत तोड झाली तर वजन मिळते, उतारा मिळतो आणि खोडवाही जोमाने फुटतो. हे सगळे तोडणाऱ्याच्या हातात आहे.

काही टोळ्या खुशालीसाठी अडून बसतात, काही मुकादम उचल घेऊन पसार होतात. ह्या तक्रारी खऱ्या आहेत. त्या गट ऑफिसात लेखी द्या. त्याचा राग फडातल्या बाईमाणसावर काढू नका. मुकादमाच्या हिशोबात तिला कोणी विचारत नाही.

सभासदांनी एवढे करावे:

1. कोपी घालायला पाण्याजवळची, उंचवट्याची जागा द्यावी. विहिरीवर, बोअरवर पाणी भरू द्यावे.

2. बायांसाठी चार तट्ट्यांचा आडोसा तरी करून द्यावा.

3. गरोदर बाई किंवा आजारी माणूस दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवावे. ट्रॅक्टर आपल्या दारातच असतो.

4. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घेणे कायद्याने बंधनकारक आहे. दाखला नाही म्हणून नाव अडत नाही. तळावरची मुले गुरुजींच्या नजरेस आणून द्यावीत.

5. वाढ्यांवरून वाद घालू नये. त्यावर त्यांची बैले जगतात.

आपल्याकडे कालव्याचे पाणी आले, म्हणून आपण बागायतदार झालो. ते आले नसते, तर कोयता आपल्याही हातात आला असता. तेव्हा यंदा फडात टोळी उतरली की पहिल्या दिवशी त्यांना एवढे विचारा, "पाण्याची सोय झाली का?"

— ऊस विकास अधिकारी