वण टळत नाही, नस मात्र मोकळी राहू शकते

कमरेच्या मणक्यातली सरकलेली गादी दुर्बिणीतून काढली, पायात उतरणारी कळ थांबली, पेशंट एक-दोन दिवसांत घरी आला. काही महिन्यांनी त्याच पायात पुन्हा ओढ जाणवू लागते. एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये लिहिलेले असते, नसेभोवती फायब्रोसिस, म्हणजे वण. घरातले सगळे गोंधळतात. छेद तर एवढासा होता, मग आत वण आला कुठून? तो टाळता आला नसता का?

वण पूर्णपणे टाळता येत नाही. अशी खोल जखम शरीर सहसा वणानेच भरून काढते. पहिले काही दिवस सूज असते. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे जमतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. काही आठवड्यांत ते जाळे घट्ट होते आणि पुढचे कित्येक महिने मुरत, आकसत राहते. कातडीवर याचा सहसा त्रास होत नाही. मणक्यात जागा अरुंद असते, म्हणून प्रश्न येतो. कमरेतल्या नसांच्या आवरणाभोवती चरबीचा मऊ थर असतो आणि त्यात नस मोकळेपणाने हलते. झोपून पाय सरळ वर उचलला, तर ती काही मिलिमीटर सरकते. ऑपरेशनमध्ये ही चरबी निघून गेली, तिथे रक्त साचले आणि त्या जागी वण धरला, की नस आजूबाजूला चिकटू शकते. मग वाकताना किंवा पाय ताणताना ती सरकत नाही, ओढली जाते.

हा वण येतो कुठून, याचे महत्त्वाचे उत्तर कॅनडातल्या लारोका आणि मॅक्नॅब या सर्जननी १९७४ मध्ये दिले. हाड काढून केलेल्या खिडकीतून पाठीच्या जखमी स्नायूंकडचे तंतू आत शिरतात आणि नसांच्या आवरणावर पडदा धरतात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे स्नायू जितका कमी दुखावेल आणि खिडकी जितकी लहान राहील, तितके बरे. ऑपरेशनचा प्रवासही याच दिशेने झाला. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सायटिकाचे, म्हणजे पायात उतरणाऱ्या कळेचे, कारण सरकलेली गादी आहे हे मांडले, तेव्हा त्यासाठी हाड बरेच काढावे लागे. १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पर यांनी मायक्रोस्कोपखाली हेच काम लहान छेदातून करून दाखवले. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी स्नायू न कापता, बाजूला सारून नळीतून दुर्बीण नेली.

मात्र लहान छेद म्हणजे वणापासून सुटका, असे समजू नये. नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर नळीतून केलेल्या आणि नेहमीच्या मायक्रोस्कोपच्या ऑपरेशनची तुलना झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णांची अडचण कमी करण्यात नळीची पद्धत सरस ठरली नाही. आत काय आणि कसे केले, याला छेदाच्या लांबीपेक्षा जास्त महत्त्व आहे. रक्तस्राव नीट थांबवणे, नस गरजेपेक्षा जास्त न ओढणे, शक्य तिथे चरबी आणि मणक्यातला पिवळा अस्थिबंध राखणे, जखम बंद करण्याआधी ती स्वच्छ धुणे, ही शिस्त वण आटोक्यात ठेवायला मदत करते.

नस आणि स्नायू यांच्यामध्ये काहीतरी आडोसा ठेवण्याचे प्रयत्नही पुष्कळ झाले. रुग्णाच्याच चरबीचा तुकडा ठेवून पाहिला, पण क्वचित तोच तुकडा नसांवर दाब देऊ लागला. ॲडकॉन-एल नावाच्या जेलला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. नसांच्या आवरणाला बारीक भोक पडले असेल तर ते भरून येण्यात हे जेल अडथळा आणते आणि आतले पाणी गळते, अशा तक्रारी आल्या. २००१ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. वण अडवणाऱ्या वस्तूने भरून येणेच अडवले, हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. म्हणून कुणी महागडे जेल किंवा पडदा सुचवला, तर त्याचा फायदा माणसांवरच्या अभ्यासात किती दिसला आहे, हे रुग्णाने नि:संकोच विचारावे.

घरी आल्यावर काय करावे? आपल्याकडे आजही ‘तीन महिने हलायचे नाही’ असे ठणकावून सांगणारी मंडळी घरोघरी भेटतात. पहिल्यांदाच गादीचे ऑपरेशन झालेल्यांबाबत पुरावा याच्या उलट आहे. बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चालता येते. चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने दुखणे आणि अडचण लवकर कमी होते आणि त्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, असा अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. नस सरकवण्याचे खास व्यायाम मात्र जादू करत नाहीत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांना त्यांची जोड देऊन वेगळा फायदा दिसला नाही. रोजचे चालणे, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले साधे व्यायाम, एका जागी तासन्‌तास न बसणे आणि तंबाखू-सिगारेट सोडणे, एवढे मनापासून पाळावे. ताज्या टाक्यांवर मालिश करू नये. त्याने आतला वण विरघळत नाही.

आणि एमआरआयवर वण दिसला म्हणून घाबरू नये. ऑपरेशन झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीत तो दिसतो आणि त्यातल्या कित्येकांना काहीही दुखत नसते. १९९६ च्या एका अमेरिकी अभ्यासात वण खूप असलेल्यांना पायाची कळ परत येण्याची शक्यता जास्त दिसली. इतर काही अभ्यासांना तसा संबंध सापडला नाही. त्यामुळे दुखणे परत आले तर गादी पुन्हा सरकली आहे का, हे आधी पाहावे. शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला एमआरआय इथे उपयोगी पडतो, कारण वण ते शोषून उजळतो आणि गादीचा तुकडा सहसा उजळत नाही. फक्त वण काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशन करण्याचे निकाल निराशाजनक आहेत. नसांचे आवरण फाटण्याचा धोका वाढतो आणि नवा वण येतोच. औषधे, व्यायाम आणि गरज पडल्यास इंजेक्शन, हा मार्ग आधी धरावा.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे, ताप येणे किंवा जखमेतून पाणी गळणे, यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठावे. बाकीच्यांनी सर्जनला विचारून पहिल्या आठवड्यापासूनच चालायला लागावे आणि रिपोर्टमधल्या त्या शब्दाला भिऊन दुसऱ्या ऑपरेशनची घाई करू नये.