कॅनडातील स्थायी निवास : मुदतबाह्य कार्ड व वास्तव्याची अट

कॅनडाच्या स्थायी निवासी कार्डाची मुदत संपली म्हणजे तो दर्जाच संपुष्टात आला, हा समज सर्रास आढळतो. तो निराधार आहे. कार्ड हा दर्जाचा केवळ पुरावा होय. जून २००२ पासून अमलात आलेल्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण अधिनियमाच्या कलम २८ मधील खरी अट निराळी आहे : पाच वर्षांच्या कालखंडात किमान ७३० दिवसांचे वास्तव्य. हे दिवस सलग असण्याची आवश्यकता नाही. कॅनडाचा नागरिक असलेल्या पती वा पत्नीसमवेत परदेशी व्यतीत केलेला काळही त्यात धरला जातो.

वृद्ध मातापित्यांच्या शुश्रूषेसाठी पुण्या-नाशिकला परतलेल्या व्यक्तीचे दिवस कमी पडले, तर नूतनीकरणाचा अर्जच चौकशीस निमंत्रण ठरू शकतो. अशा वेळी अधिकाऱ्यास मानवतेच्या व अनुकंपेच्या कारणांचा, तसेच निर्णयाची प्रत्यक्ष झळ पोहोचणाऱ्या बालकाच्या हिताचा विचार करता येतो. मात्र त्यासाठी नुसते विनंतीपत्र पुरत नाही. रुग्णालयाची कागदपत्रे हवीत. कॅनडात असलेल्याने अर्जाची घाई न करता, मागील पाच वर्षांतील ७३० दिवस भरेपर्यंत तेथेच राहणे पुष्कळदा श्रेयस्कर. परदेशात असताना प्रतिकूल निर्णय मिळाल्यास ६० दिवसांत अपील करता येते, आणि अंतिम निर्णयापर्यंत दर्जा अबाधित राहतो.