'चालवणे' एकच, पण इंग्रजीत शब्द किती?

आपल्या मराठीत 'चालवणे' हा ऑलराउंडर शब्द आहे. बाईक चालवतो, रिक्षा चालवतो, दुकानही चालवतो. इंग्रजीत मात्र या तिघांना तीन वेगळी क्रियापदं लागतात. वेरूळ-अजिंठा बघायला आपल्याकडे परदेशी पर्यटक येतात. टॅक्सीचा किंवा भाड्याच्या बाईकचा धंदा करायचा असेल, तर हे पक्कं करून घ्या.

सोपी खूण सांगतो. टांग टाकून वर बसलात तर 'राइड', आत बसून चालवलंत तर 'ड्राइव्ह'.

- सायकल, बाईक, घोडा: राइड
- कार, बस, ट्रक: ड्राइव्ह
- रिक्षा: हँडल असलं तरी आपण आत बसतो, म्हणून ड्राइव्ह
- वाळूजच्या कारखान्यातली क्रेन: ऑपरेट
- दुकान: रन

टॅक्सीवाल्याने पर्यटकाला 'आय विल ड्राइव्ह यू टू एलोरा' म्हणावं. 'राइड यू' म्हणालात, तर तुमच्यावरच स्वार होतो असा अर्थ निघेल आणि गिऱ्हाईक दचकेल! 'नीड अ राइड?' मात्र बिनधास्त विचारा. तिथे राइड म्हणजे फेरी.

आणि हो, दुचाकीचं असलं तरी लायसन्स 'ड्रायव्हिंग'च. कायद्यातच तो शब्द आहे.

बोर्ड रंगवायला देण्याआधी क्रियापद एकदा तपासा. रंगाचे पैसे दोनदा कशाला द्यायचे?