पाटी काढली, भाडेकरू आतच

सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली की नवखा माणूस सगळ्यांत मोठी लॉग फाइल शोधतो आणि पुसून टाकतो. पुन्हा बघतो, तर डिस्क तेवढीच भरलेली. मीही हे केलं आहे, आणि वर सर्व्हरला शिव्याही घातल्या आहेत.

लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि डिस्कवरचा मजकूर वेगळा. पुसलं म्हणजे नाव गेलं. एखादा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर मजकूर जागेवरच राहतो. दारावरची पाटी काढली, भाडेकरू आतच. तो प्रोग्रॅम त्या बिननावाच्या फाइलीत लिहीतही राहतो. अशा वेळी ‘डीयू’ आणि ‘डीएफ’ या आज्ञांचे हिशेब जुळत नाहीत, कारण डीयू नावं धरून मोजते आणि डीएफ डिस्कवरची व्यापलेली जागा सांगते. तफावत मोठी असेल तर ‘एलएसओएफ’ या आज्ञेला विचारावं; पुसलेली फाइल कोण धरून बसलं आहे, ते ती दाखवते. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा सुटते. मुळात फाइल पुसण्याऐवजी जागच्या जागी रिकामी केली असती, तर हा व्याप टळला असता.

लॉग आवरण्याचं रोजचं काम ‘लॉगरोटेट’ या प्रोग्रॅमकडे द्यावं. तो चालू फाइलचं नाव बदलतो, कोरी फाइल ठेवतो आणि लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला इशारा देतो: जुनी वही मीट, नवी उघड. जुन्या वह्या दाबून लहान केल्या जातात, ठरलेल्या संख्येपलीकडच्या पुसल्या जातात. इशारा द्यायचा राहिला तर प्रोग्रॅम जुन्याच वहीत लिहीत बसतो, आणि आपण कोऱ्या वहीकडे बघून निश्चिंत!

राउटर-स्विचचा लॉग बऱ्याचदा मेमरीतच असतो. वीज गेली की पुरावा गेला. म्हणून ‘सिस्लॉग’ या प्रोटोकॉलने नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवतात. जुनी वाट यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टची. तिथं पोच मिळत नाही, गर्दीत नोंदी गळतात; महत्त्वाच्या नोंदींना टीसीपी बरी. नोंदींच्या पातळ्या ० ते ७. ० म्हणजे यंत्रच निकामी, ७ म्हणजे डीबगची बडबड, ती कायम चालू ठेवू नये.

लॉग ठेवायचे किती दिवस? ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतातल्या कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी १८० दिवसांचे लॉग जपायचे आहेत. घड्याळं जुळवण्याचा नियमही त्यातच आहे. दोन यंत्रांत पाच मिनिटांचा फरक असला, तर आधी लिंक पडली की आधी सर्व्हर, हे नोंदी समोर असूनही सांगता येत नाही.