जाहिरात खोटी, हिशेब खरा

क्रिकेटचे षटक संपले की पडद्यावर नाण्यांचा पाऊस पडायचा, नामवंत खेळाडू हसत बोलवायचे आणि शेवटी एक सूचना घाईघाईने उरकली जायची: या खेळात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकते. ही सूचना नेहमीच्या बोलण्याच्या गतीने वाचावी, असा जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेचा नियम डिसेंबर २०२० पासून होता. पण पावसात भिजलेल्याला सूचना ऐकू येते का?

बेंगळुरूहून येणारे आमिष नवे नाही. ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचे वृत्तपत्र तिथे छापले जाई आणि त्यातली बक्षिसांची शब्दकोडी त्या वेळच्या मुंबई राज्यात घरोघर पोहोचत. शुल्क भरा, कोडे सोडवा, बक्षीस मिळवा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुगार हा व्यापार नव्हे, असा निकाल १९५७ मध्ये लागला. पुढे कागदाची जागा मोबाइलने घेतली आणि मोबाइल प्रीमियर लीगसारख्या कंपन्या याच शहरात उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज होता.

कायदा झाला, तरी मोह संपत नाही. मग मुलांना सावध कसे करायचे? रागावून नव्हे, तर तीच जाहिरात उलटी करून.

हलत्या अक्षरांची गंमत

अक्षरे, आकडे आणि चित्रे संगणकावर हलती करून छोटी फिल्म बनवतात, तिला मोशन ग्राफिक्स म्हणतात. नट नको, कॅमेरा नको. ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर ३० सेकंदांच्या जाहिरातीला ७५० चित्रे लागतात. मात्र सुरुवातीची आणि शेवटची स्थिती ठरवून दिली की मधली बरीचशी हालचाल संगणकच भरतो. आधी कागदावर सहा चौकटी आखा आणि प्रत्येकीत काय दिसेल ते काढा.

समजा, आपल्या काल्पनिक ॲपचे नाव ‘गमवा’. घोषवाक्य: ‘आज हरा, उद्या पुन्हा हरा!’ पहिल्या चौकटीत नाण्यांचा पाऊस, पण नाणी वरून खाली नव्हे, खिशातून वर उडतात. दुसरीत ‘स्वागत बोनस’चा फुगा. सूचना मात्र पडदाभर आणि अगदी सावकाश.

दहा डावांत उरते काय?

जाहिरातीचा कणा म्हणजे हिशेब. समजा, प्रत्येक डावात ॲप शंभरातले १० रुपये स्वतःकडे ठेवते. खेळणारा उरलेली सगळी रक्कम पुन्हा लावतो. शंभराचे सरासरी ९० होतात, मग ८१, मग सुमारे ७३. दहाव्या डावानंतर उरतात जेमतेम ३५. एखादा जिंकतोही, पण त्याचे बक्षीस इतरांच्याच खिशातून येते. पडद्यावर नाणे दर डावाला लहान होत जाते आणि कोपऱ्यातली तिजोरी फुगत जाते. एवढे एक चित्र तासभराच्या उपदेशाचे काम करते.

काही पथ्ये पाळायलाच हवीत. खऱ्या ॲपचे नाव, चिन्ह किंवा खेळाडूचा चेहरा वापरू नका. ‘हे ॲप काल्पनिक आहे’ असे ठळक लिहा. नव्या कायद्यात पैशांच्या खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा आपली थट्टा ही थट्टाच आहे, हे पहिल्या नजरेत कळले पाहिजे. हरलेल्या माणसाची टवाळी तर मुळीच नको. टोमणा तिजोरीला, कर्जात बुडालेल्या घराला नव्हे.

नाण्यांचा पाऊस एकदा स्वतः पाडून पाहिलेल्या मुलाला तो कसा पाडतात, हे कळलेले असते. पुढच्या वेळी तो नाणी मोजणार नाही, तिजोरी कुठे आहे ते शोधेल.