फर्माची सहावी संख्या

३, ५, १७, २५७, ६५५३७. २चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन त्यात १ मिळवला की या पाच संख्या मिळतात. पाचही मूळ संख्या आहेत; १ आणि स्वतःखेरीज त्यांना विभाजक नाही. तुलूझच्या न्यायालयात नोकरी करून फावल्या वेळी गणित करणाऱ्या पिएर द फर्माने १६४०च्या सुमारास पत्रांतून विश्वास व्यक्त केला, की घातांक असाच दुप्पट करत गेल्यास दर वेळी मूळ संख्याच मिळेल. सिद्धता नसल्याचेही त्याने मान्य केले होते.

सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७. ती मूळ आहे का, हे सरधोपटपणे पाहायचे तर ६५,५३६पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. १७३२मध्ये लिओनार्ड ऑयलरने ६४१ हा विभाजक दाखवला आणि फर्माचे विधान कोसळले. तो सापडण्यामागचे कारण त्याने पुढे मांडले, आणि मला खरा रस त्या कारणात आहे.

समजा, एखादी मूळ संख्या या संख्येला भागते. मग तिने २च्या ३२व्या घाताला भागल्यावर बाकी उणे १ उरेल आणि ६४व्या घाताला भागल्यावर १. म्हणजे २च्या घातांच्या बाक्यांचे आवर्तन बरोबर ६४ पायऱ्यांचे झाले. मूळ विभाजकातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला या आवर्तनाची लांबी नेहमी भागते. म्हणून विभाजक ६४च्या पटीपेक्षा १ने मोठाच हवा. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. साडेसहा हजारांऐवजी पाचव्या प्रयत्नातच उत्तर!

वाचकांनी स्वतः पडताळा घ्यावा. ६४० म्हणजे ५ गुणिले २चा सातवा घात. ६४१ने भागता त्याची बाकी उणे १. चौथा घात घेतला, की ६२५ गुणिले २चा २८वा घात, याची बाकी १. पण ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, आणि १६ हा २चा चौथा घात. तेव्हा ६२५च्या जागी उणे १६ ठेवल्यास २च्या ३२व्या घाताची बाकी उणे १ येते. त्यात १ मिळवला की भाग निःशेष जातो. दुसरा अवयव ६७,००,४१७.

मला चटका लावणारी गोष्ट अशी, की आवर्तनाचा हा नियम फर्माचाच. तोही १६४०च्याच पत्रव्यवहारातला. हत्यार त्याच्या हाती होते. पाच उदाहरणांनी दिलेल्या खात्रीमुळे ते उचलावेसे वाटले नसावे, असा माझा तर्क आहे. माझ्यासारख्या, पदवीवाचून गणितात रमणाऱ्याला हा मोह चांगलाच परिचयाचा आहे.

त्या पाच संख्या मात्र वाया गेल्या नाहीत. १७९६मध्ये तरुण गाउसने १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे त्यांच्याच आधारे दाखवले. सहावी मूळ संख्या अद्याप सापडलेली नाही. उलट, २चा १०,४८,५७६वा घात अधिक १ ही याच मालिकेतली संख्या मूळ नाही हे सिद्ध झाले आहे. तिचा एकही अवयव मात्र अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.